गच्चीवरच्या बरगड्या

डुकराच्या बरगड्या गॅसच्या ग्रिलवर भाजायच्या असतील तर आग एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवावे लागते. आमच्या ग्रिलला तीन बर्नर आहेत. डावीकडचा पेटवायचा, मधला आणि उजवीकडचा बंद ठेवायचा, बरगड्यांची पट्टी उजवीकडे ठेवायची आणि झाकण लावायचे. मांसाखाली ज्योत नसते. झाकणाखाली कोंडलेली धग ते शिजवते. दुपार जाते. माझा नवरा हे दर जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या गच्चीवर करत असे. तो गेल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत ते मी केले. त्या रविवारची ही हकिगत.

ग्रिल त्याच्या कंपनीतून आली. सातपूरच्या कारखान्यात यंत्रे बसवायला एक परदेशी तंत्रज्ञ येऊन राहिला होता. जाताना त्याने घरातले सामान विकले. फ्रिज आणि सोफा लगेच गेले. ग्रिल कोणाला नको होती. नवऱ्याने ती टेम्पोत घालून आणली, आपल्याकडच्या सिलिंडरला जुळेल अशी नळी आणि रेग्युलेटर बसवून घेतला आणि गच्चीवर टाकीशेजारी ठेवली. बरगड्या कशा करायच्या हे त्याला त्या तंत्रज्ञाने शिकवले होते. सॉस मात्र इकडचा होता: काकवी, चिंचेचा कोळ, टोमॅटो, लसूण, थोडे व्हिनेगर आणि माझ्या सासूचा काळा मसाला. आपला मसाला कशात पडतो आहे हे सासूला शेवटपर्यंत माहीत नव्हते.

माझ्या सासरी, सिन्नरच्या बाजूला, मटण अंगणात शिजते. चूल वेगळी, पातेले वेगळे, शिजवणारे पुरुष. घरातल्या चुलीवर ते चढत नाही. डुकराचे तर अंगणातही नाव निघत नाही. आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला रो-हाउस घेतले तेव्हा अंगण मिळाले नाही, गच्ची मिळाली. नवऱ्याने तोच नियम वर नेला. गच्चीवर पत्र्याचे कपाट आले. त्यात चिमटा, सुरी, कापायचा पाट, ताटल्या. वरचे भांडे खाली यायचे नाही, खालचे वर जायचे नाही. मी जिन्याच्या दाराशी काकवीची बाटली नेऊन द्यायची, तो तिथून घ्यायचा. खायला मात्र मी वर बसत असे.

खायला आणखी दोघे असत. एक त्याच्याच कंपनीत स्टोअर सांभाळणारे, दुसरे मूळ येवल्याचे, शहरात पैठण्यांचे दुकान असलेले. दोघेही मला वहिनी म्हणत, मी दोघांनाही भाऊजी. दोघांच्याही घरी हे खाणे चालण्यासारखे नव्हते. दुकानवाल्या भाऊजींच्या पत्नीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. त्यामुळे दोघे घरी सांगत की हुरड्याला चाललो. खाऊन झाले की लिंबाने हात धुवायचे, शर्टाचा वास जावा म्हणून गच्चीवर फेऱ्या मारायच्या, मूठभर बडीशेप चावायची आणि मग निघायचे. नंतर एखाद्या लग्नात त्यांच्या बायका भेटल्या की विचारत, "यंदा हुरडा कसा होता?" मी सांगत असे की कोवळा होता.

नवरा मे महिन्यात गेला, कामावर असताना. आम्हाला मूल नाही. सुरुवातीला घरात माणसे होती. पुढे येणाऱ्याला कारण लागू लागले: विम्याची सही, मीटरचे रीडिंग, सोसायटीची सभा. गॅसचे कनेक्शन अजून त्याच्या नावावर आहे. सिलिंडर आला की त्याच्या मोबाइलवर आलेला आकडा सांगावा लागतो, म्हणून तो मोबाइल मी चार्ज करून ठेवते. त्यावर दुसरे काही येत नाही. जानेवारीत संक्रांत झाली, कॉलनीत हळदी-कुंकू चालू झाले. त्याचे बोलावणे मला येणार नव्हते आणि आले नाही.

मला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. ते दोघे इतकी वर्षे त्याच्याकडे येत होते की आमच्याकडे? आमच्याकडे येत असतील, तर आमच्यातले एक माणूस अजून आहे. हे कोणाला विचारता येत नाही. बरगड्या करूनच पाहावे लागते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी झाल्यामुळे मला लांब संदेश लिहिता येत नाहीत. मी दोघांना तेवढेच लिहिले: "रविवारी संध्याकाळी पाचला. गच्चीवर. नेहमीप्रमाणे." दोन्हीकडून उत्तर आले: "येतो वहिनी."

मांस देवळाली कॅम्पच्या बाजूला एका दुकानात मिळते. दुकानातल्या बाईंनी मला आधी पाहिले नव्हते, पण बरगड्यांची अख्खी पट्टी, न तोडता, म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"ग्रिलवाल्या साहेबांच्या मिसेस का? साहेब कुठं आहेत?"

मी सांगितले. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाल्या, "तरी म्हटलं, यंदा फोन कसा नाही आला. एवढंच पुरेल ना? माणसं किती?"

"तीन."

माझ्या बहिणीचा शनिवारी फोन आला. पेठला ती शिक्षिका आहे. तिचे म्हणणे साधे होते.

"हळद-मीठ लाव, कुकरला तीन शिट्ट्या काढ, मग ठेव तुझ्या त्या जाळीवर. पाच मिनिटांत काम. कशाला दिवस घालवतेस?"

"चव निघून जाते पाण्यात."

"तुला कोण सांगतं?"

"तो सांगायचा."

"बरं," ती म्हणाली, आणि तिच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाचे सांगू लागली.

बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. तो काढला नाही तर मसाला आत जात नाही. चमच्याच्या दांड्याने तो एका टोकाला उचलायचा आणि कोरड्या फडक्यात धरून ओढायचा. नवऱ्याच्या हाताने तो एका झटक्यात निघत असे. माझ्या हाताने तुकड्या-तुकड्यांनी निघाला. शनिवारी संध्याकाळी मीठ, गुळाची पूड, तिखट, काळा मसाला आणि वाटलेली लसूण चोळून मी पट्टी झाकून ठेवली. ठेवायची कुठे हा प्रश्न होता. गच्चीवर फ्रिज नाही. तो काय करत असे ते मला आठवेना. मग लक्षात आले की बर्फ घातलेली पेटी तो दुकानवाल्या भाऊजींकडून आणत असे. मी पट्टी खालच्या फ्रिजमध्ये ठेवली, दुधाच्या पातेल्याखालच्या कप्प्यात. घराचा नियम मोडला होता आणि तो मोडल्याचे कळायला घरात कोणी नव्हते.

रविवारी जेवणानंतर डावा बर्नर पेटवला. हवा थंड होती, निफाडकडून येणारे वारे सुटले होते, त्यामुळे झाकणाखालची धग टिकेना. मी टाकीच्या बाजूला ताडपत्री बांधली. झाकणावरचा तापमानाचा काटा कधीच बिघडला आहे. नवरा झाकणाच्या कडेवर तळवा धरून अंदाज घ्यायचा. मीही धरला, पण किती गरम म्हणजे बरोबर, ते मला माहीत नव्हते. चरबी वितळून खालच्या पत्र्यावर पडत होती आणि धूर येत होता. पाहायला झाकण उघडले की धग जाते, म्हणून उघडायचे नाही. खुर्ची घेऊन बाजूला बसायचे. हे काम करताना तो काय विचार करत बसत असेल, हे मी त्याला कधी विचारले नव्हते. माझ्या मनात तेव्हा बर्नरखेरीज काही नव्हते.

मांस हाडांच्या टोकांवरून मागे सरकले की वेळ जवळ आली असे समजायचे. मग पट्टी एका टोकाला चिमट्याने उचलून पाहायची. ती कमानीसारखी वाकली आणि वरून तडकली, की झाली. त्यानंतरच सॉस लावायचा. आधी लावला तर काकवी जळते आणि कडू लागते. पातळ थर, झाकण, थोडा वेळ, पुन्हा थर. तीन-चार थरांनंतर ते चिकट आणि चकचकीत होते. पावणेपाचला पट्टी वाकली. मी सॉसचे भांडे आणि ब्रश हातात घेतला आणि खाली घंटी वाजली.

दारात चौघे होते. पुढे दोघींनी फिक्या रंगाच्या साड्या नेसल्या होत्या, हातात स्टीलचे डबे. मागे दोघे भाऊजी, इस्त्रीच्या शर्टात. चौघांचेही चेहरे भेटायला आलेल्या माणसांचे होते. मी नवऱ्याचा जुना शर्ट घातला होता आणि माझ्या अंगाला धुराचा वास होता.

"ताई, तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही," स्टोअरवाल्या भाऊजींची पत्नी आत येत म्हणाली. "मसालेभात आणलाय, मटकी आहे, पोळ्या आहेत. एकटीनं कशाला घाट घालायचा? यांना म्हटलं, बोलावलंय ना, मग आम्ही पण येतो."

माळ घातलेल्या वहिनी माझा हात धरून सोफ्यावर बसल्या. मे महिन्यातल्या त्या दिवसांनंतर त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. मग त्यांनी नाक वर केले.

"वास कसला येतोय?"

दुकानवाले भाऊजी टीव्हीखालच्या कपाटातल्या पुस्तकांची नावे वाचू लागले. स्टोअरवाले भाऊजी म्हणाले, "कचरा पेटवला असेल कोणी. या कॉलनीत शिस्तच नाही."

"कचऱ्याचा नाही. मसाल्यासारखा आहे."

"मसाल्याचा कचरा असेल."

"तुम्ही गप्प बसा हो," त्यांची पत्नी म्हणाली.

कोणीतरी काही सांगणे आवश्यक होते. मी सांगितले की गच्चीवर शेगडी लावली आहे आणि रताळी भाजते आहे.

"रताळी!" माळवाल्या वहिनींचा चेहरा उजळला. "मग आणा की. मला फार आवडतात."

"अजून कच्ची आहेत," दोघे भाऊजी एकदमच म्हणाले. ते आत आल्यापासून वर गेलेले नव्हते. त्यांच्याकडे दोघींनीही पाहिले.

मी गॅस बघून येते म्हणून उठले. जिन्यात मागून पावले ऐकू आली. स्टोअरवाल्या भाऊजींची पत्नी माझ्यामागून वर आली होती. मी झाकण उघडले नसते तरी चालले असते. पण ती ग्रिलपाशी येऊन उभी राहिली, तेव्हा उघडले. तिने आत पाहिले. हाडांची टोके ओळीने बाहेर आली होती.

"हे बकऱ्याचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"दरवर्षी हेच?"

"हेच."

"आणि मी मेली तो हुरडा घरी का आणत नाहीत म्हणून भांडायची." ती हसली, मग हसणे आवरून तिने खाली जिन्याकडे पाहिले. "तिला कळू देऊ नका, ताई. घरात महाभारत होईल. महिनाभर अबोला धरेल ती."

मी म्हटले की कळणार नाही. तिने धुराने डोळे बारीक केले आणि मी न विचारलेली गोष्ट सांगितली. ती वाईट हेतूने सांगत नव्हती.

"खरं सांगू का? हे येणार नव्हते. तुमचा मेसेज आल्यापासून दोघांचे फोन चालू होते. वहिनी एकट्या, आपण दोघे पुरुष वर गच्चीवर जाऊन बसणार, लोक काय म्हणतील. येतो म्हणून कळवलं, आणि ऐनवेळी येवल्याला लग्न निघालं म्हणून सांगणार होते. मीच म्हटलं, असं करू नका, आम्ही येतो बरोबर. म्हणजे तुम्हाला पण बरं वाटेल आणि कोणी नाव ठेवणार नाही."

"बरं केलंत," मी म्हटले.

"पुढच्या वर्षी हे नका करू, ताई. काय मिळतं यात? असाच रविवार ठरवू, आम्हीच डबे घेऊन येऊ." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी बर्नर बंद केला आणि झाकण लावले. सॉसचे भांडे भरलेलेच राहिले.

खाली आम्ही मसालेभात खाल्ला. तो चांगला झाला होता. रताळी करपली असे मी सांगितले. माळवाल्या वहिनींना वाईट वाटले. वाऱ्यात शेगडीवर भाजू नयेत, कढईत झाकून भाजावीत, असे त्यांनी समजावले. दुकानवाल्या भाऊजींनी लग्नसराईत गिऱ्हाईक कसे आहे ते सांगितले. नवऱ्याचा विषय एकदाच निघाला. स्टोअरवाले भाऊजी म्हणाले, "साहेब असते तर," आणि मग पाण्याचा तांब्या कुठे आहे ते विचारले. पूर्वी हा माणूस गच्चीवर नवऱ्याला म्हणत असे, "साहेब, यंत्रं दुरुस्त करता तशीच हाडं पण सैल करता तुम्ही." त्या दिवशी दोघेही भात खाली पाहून खात होते. निघताना दोघींनी मला तिळाच्या वड्या दिल्या. हळदी-कुंकवाचा करंडा कोणी काढला नाही. दोघी डबे तुमच्याकडेच ठेवा म्हणाल्या, म्हणजे परत यायला कारण राहील.

अंधार पडू लागला होता. मी वर गेले आणि डावा बर्नर पुन्हा पेटवला. पट्टी कोमट झाली होती. तिला धग लागू दिली, मग सॉसचा पहिला थर लावला. दुसऱ्या थराच्या वेळी मी वाट पाहिली नाही आणि पट्टी थेट ज्योतीवर घेतली, त्यामुळे एका कडेला काकवी जळली. तिसऱ्या थरानंतर पृष्ठभाग चमकू लागला. मी सुरीने हाडांमधून कापत होते तेव्हा मोबाइल वाजला. माझाच.

"वहिनी," दुकानवाले भाऊजी म्हणाले. मागे गाडीचा आवाज होता. "ते... आहे का शिल्लक?"

"सगळंच आहे."

"हिला घरी सोडलं. दुकानाचं कुलूप बघून येतो म्हटलं. इथंच आहे मी, तुमच्या कोपऱ्यावर."

"मग वर या ना. आत्ताच उतरवलंय, गरम आहे."

"नको वहिनी. तुम्ही फाटकापाशी देता का?"

मी अर्ध्या बरगड्या फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि खाली नेल्या. ते फाटकाच्या बाहेर उभे होते. समोरच्या घरातला दिवा लागलेला होता आणि ते त्या दिव्याकडे पाठ करून उभे होते. पुडके त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. फॉइलची एक कड उघडून वास घेतला.

"जरा करपलंय."

"हो. एका बाजूनं."

"त्याचा थर पातळ असायचा." मग म्हणाले, "पण आलंय. वास तोच आहे." आणखी काही बोलायचे होते असे वाटले, पण समोरच्या घराचे दार उघडले आणि ते "येतो" म्हणून चालू लागले.

मी वर आले. गच्चीच्या कठड्यावरून कॉलनीचा कोपरा दिसतो. तिथे त्यांची गाडी उभी होती, काच वर, आतला दिवा लागलेला. ते स्टिअरिंगवर वाकून खात होते. दोन्ही कोपर वर उचललेले, कारण शर्टाला लागू नये. मध्येच त्यांनी डाव्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले. काळ्या मसाल्यामुळे असेल, इतक्या अंतरावरून सांगता येत नाही. घरी परत जाण्याआधी अंगाचा वास कुठे घालवणार होते, तेही मला ठाऊक नाही.

मी खुर्ची कठड्याजवळ ओढली आणि माझे ताट घेऊन बसले. मांस हाडावरून सहज सुटत होते. बाहेरून चिकट होते, आत जरा कोरडे. मध्ये थंड होऊ दिल्यामुळे कोरडे झाले असणार. गूळ बरोबर होता, व्हिनेगर कमी पडले होते. तिकडे गाडीत ते एकेक हाड फॉइलवर ठेवत होते, इकडे मी ताटाच्या कडेला ठेवत होते. एकदा त्यांनी काचेतून वर पाहिल्यासारखे वाटले. मी हात वर केला नाही. बोटे चिकट होती, आणि खालून कोणी तरी पाहिले असते.

थोड्या वेळाने गाडीचे दार उघडले. त्यांनी बाटलीतले पाणी हातांवर ओतले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकले आणि बसले. गाडी गंगापूर रोडच्या दिशेने गेली. माझ्या ताटात अजून दोन बरगड्या होत्या. त्या मी संपवल्या.